जुनं डांबर काढायचं की ठेवायचं?

आमच्या हॉस्टेलच्या रस्त्यावर एक वर्षाआड उन्हाळ्यात डांबराचा नवा थर पडतो आणि पावसाळ्यात त्याच जागी खड्डे. थरावर थर चढून रस्ता आता तळमजल्याच्या उंबऱ्यापेक्षा उंच झालाय. जुलैत पाणी गटारात न जाता सरळ खोल्यांत येतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी हाच रस्ता घेतला, तेव्हा सगळे हसले. तळमजल्यावरची पोरं सोडून.

ओव्हरले स्वस्त, हे मान्य. वर्षानुवर्षं दबलेला पाया उगाच कशाला उकरायचा? पण जुनं डांबर आरपार तडकलेलं असेल, तर चाकाखाली भेगेच्या कडा हलत राहतात आणि तीच भेग नव्या थरातून वर येते. यालाच रिफ्लेक्शन क्रॅकिंग म्हणतात.

सरांनी लॅबमधला बेंकलमन बीम दिला. ३.६६ मीटरची दांडी, तिचं टोक ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या मधे. मागच्या आसावर ८१७० किलो भार. ट्रक पुढे सरकला की दबलेला रस्ता वर येतो. तो फरक डायलवर वाचायचा आणि दुप्पट करायचा, कारण टेकू टोकापासून २.४४ मीटरवर असतो. मग तापमान ३५ अंशांना आणायचं. आम्ही मे महिन्यात मोजलं, म्हणून ओलाव्याचं करेक्शनही लावलं. काळ्या मातीत ते विसरलात तर सगळं गणित फसवं.

गंमत पुढे आहे. गेटजवळचा भाग भेगांनी भरलेला, पण तिथे डिफ्लेक्शन कमी. मेसच्या कोपऱ्यावर नुकताच गुळगुळीत थर टाकलेला, तिथे भरपूर! मात्र रस्ता वाकतो एवढंच बीम सांगतो, कुठला थर वाकतो ते नाही. म्हणून दोन्हीकडे खड्डे घेतले. गेटजवळ डांबराचे थर पोळीच्या पापुद्र्यांसारखे सुटे निघाले, मधे धूळ. टॅक कोट मारलाच नसावा. खालची खडी मात्र घट्ट. मेसजवळ खडीत काळा चिखल घुसलेला.

म्हणून माझी शिफारस अशी: गेटजवळ फक्त डांबर खरवडून तेवढ्याच जाडीचं नवं टाका, म्हणजे रस्त्याची उंची वाढणार नाही. मेसजवळ आधी गटार, मग पार खालपर्यंत खोदून मुरूम आणि नवी खडी. खरवडलेलं डांबर फेकायचं नाही. रिसायकलिंगसाठी २०१५ पासून आयआरसी १२० आहे.

रिपोर्ट ऑफिसात दिलाय. यंदा बजेट ओव्हरलेचंच आहे, असं कळलं. तळमजल्यावरच्यांनी ट्रंकांखाली विटा लावायला सुरुवात केलीय.