मद्यपी पालक आणि ‘समजूतदार’ मूल

मद्यपाश हा आजार जडतो एका व्यक्तीस; परंतु त्याची झळ घरातील मुलांस लागते, आणि तिची नोंद केसपेपरवर क्वचितच होते. अमेरिकेत १९५७ साली मद्यपींच्या मुलांसाठी ‘अलाटीन’ हे स्वमदत गट सुरू झाले, ते याच जाणिवेतून.

अशा घरातील मूल जिन्यावरील पावलांवरूनच वडील पिऊन आले आहेत का, हे ओळखू लागते. मारहाणीइतकीच अनिश्चितता त्यास पोखरते. काल खाऊ आणणारा हात आज ताट भिरकावतो. कोणी मूल शाळेत चिडखोर होते, कोणी अंथरूण ओले करते. त्यांच्याकडे निदान लक्ष तरी जाते. आम्हांस अधिक काळजी वाटते ती थोरल्या, समजूतदार मुलीची. धाकट्यांस जेवू घालून, आईस धीर देऊन, ती घरची गोष्ट घरातच ठेवते. आपण शहाण्यासारखे वागलो तर बाबा पिणार नाहीत, असे तिने मनोमन धरलेले असते. (आम्हीही तिचे कौतुकच करीत आलो, हे येथे नमूद केले पाहिजे.)

वडिलांची दारू सुटली तरी तिची झोप पुष्कळदा सावधच राहते. म्हणून भेटीच्या दिवशी मुलांनाही सोबत आणावे व त्यांच्याशी आम्हांस स्वतंत्रपणे बोलू द्यावे, ही नातेवाइकांस विनंती.