जुन्या पिकअपचे इंजिन अडखळते तेव्हा

कोकणातील हापूस आंब्याच्या हंगामाचा भर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत असतो. चिपळूण परिसरातून पेट्या भरून निघालेली पिकअप गाडी कुंभार्ली घाट चढून पाटण व कऱ्हाडमार्गे पुण्याला बाजाराच्या वेळेपूर्वी पोहोचावी लागते. ती घाटात अडखळू लागली, तर माल दुसऱ्या दिवशीच्या भावाने विकावा लागतो. आणि पिकू लागलेला आंबा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. त्यानंतर गॅरेजचा खर्च येतो तो वेगळाच.

देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल गाड्यांत इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. ग्रामीण भागातील मालवाहतुकीत मात्र यांत्रिक पंपावर चालणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या अद्यापि दिसतात. त्यांची रचना साधी असल्याने दोष शोधणेही मुळात साधे आहे. तथापि “गाडी मिसिंग मारते” किंवा “पिकअप घेत नाही” एवढेच मिस्त्रीला सांगितले जाते, आणि बहुधा पहिला संशय सर्वांत महागड्या भागावर, म्हणजे पंपावर घेतला जातो. पंप उतरवून दुरुस्तीला जातो, हजारो रुपये खर्च होतात आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर अडखळते.

दोष केव्हा जाणवतो?

पार्ट बदलण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे आवश्यक असते. इंजिन उभ्या गाडीत थरथरते, की भार पडल्यावरच दम सोडते? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत व त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. उभ्या गाडीत सुरळीत चालणारे इंजिन चढणीवर अडखळत असेल, तर त्यास पुरेसे डिझेल किंवा पुरेशी हवा मिळत नाही, असे प्रथम समजावे. उभ्या गाडीतही एका ठरावीक ठेक्याने धक्के बसत असतील, तर चारपैकी एक सिलिंडर काम करीत नसण्याचा संभव अधिक.

धुराचा रंगही बरेच काही सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. अशा वेळी एअर फिल्टर प्रथम पाहावा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, तर निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवितो. भार असूनही धूर फारसा नाही आणि ताकदही नाही, अशी स्थिती असेल तर डिझेलच पोहोचत नाही, असे मानण्यास हरकत नाही.

टाकीपासून पंपापर्यंत

अडखळण्याच्या तक्रारींत या मार्गाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावयास हवे, कारण येथील दोष स्वस्त असतात आणि नेमके तेच नजरेतून सुटतात. डिझेलची टाकी इंजिनपेक्षा खालच्या पातळीवर असते. फीड पंप तेथून डिझेल ओढून घेतो. या ओढणाऱ्या बाजूच्या रबरी नळीला बारीक चीर पडली किंवा जोडावरील वॉशर झिजला, तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते, म्हणून कोणास संशय येत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उशिरा सुरू होत असेल, तर ‘एअर धरल्या’ची शक्यता पक्की होत जाते. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी बसवून इंजिन चालविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

याहून निर्णायक अशी एक चाचणी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा वर सुरक्षित टांगून त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडावी आणि इंजिनला रेस द्यावी. इंजिन सुरळीत झाले, तर दोष टाकी, तिची जाळी व मधली नळी यांतच आहे. झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजल्यासही टाकीत निर्वात स्थिती निर्माण होऊन डिझेल अडते. झाकण सैल करताच ‘सुस्’ असा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर खर्च एका खिळ्याचा!

डिझेल फिल्टर ठरलेल्या मुदतीत बदलावा व त्याच्या तळाचा स्क्रू सोडून साचलेले पाणी काढावे. पंप दूर असलेल्या गावांत पिंपात साठविलेले डिझेल वापरले जाते; कोकणच्या दमट हवेत त्यात पाणी व गाळ जमतो. फिल्टर बदलल्यावर एअर काढण्यास विसरू नये. एअर स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारणे एवढेच ते काम आहे.

एक सिलिंडर रुसले असल्यास

इंजिन मंद चालू ठेवून नोझलच्या नळीचा नट एकेक करून किंचित सैल करतात. चालत्या सिलिंडरचा नट सैल होताच इंजिनचा आवाज बदलतो; ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, ते सिलिंडर बंद आहे. हे काम जाणकार मिस्त्रीनेच करावे. यांत्रिक पंपाच्या नळीतील दाबही २०० बारच्या आसपास असू शकतो व डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. म्हणून बोट कदापि जवळ नेऊ नये व डोळ्यांवर चष्मा असावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनवर तर ही चाचणी मुळीच करू नये. तेथील दाब १,००० बारहून अधिक असतो.

बंद सिलिंडर सापडले म्हणून लगेच नवे नोझल घेण्याचे कारण नाही. तेथील नोझल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल खराब. तो जागचा हलला नाही, तर प्रश्न पंपाचा किंवा कंप्रेशनचा. या अदलाबदलीस नव्या तांब्याच्या वॉशरपलीकडे काही लागत नाही, तरी ती फारच थोड्या ठिकाणी केली जाते.

ताकद कमी वाटताच पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविण्याची चालकांची सवय मात्र घातक आहे. मूळ दोष तसाच राहतो, काळा धूर वाढतो व घाटात इंजिन तापते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांची धूर तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागते. तेथेही अशी गाडी अडकते.

नोझल बदलूनही सिलिंडर बंदच राहिल्यास इंजिन थंड असताना टॅपेटचे अंतर तपासावे. ते अति कमी झाले, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. अंतर बरोबर असल्यास डिझेल इंजिनच्या गेजने चारही सिलिंडरचे कंप्रेशन मोजून घ्यावे. शेजारची दोन सिलिंडरे सारखीच कमी भरली, तर हेड गॅस्केट त्या दोहोंमध्ये फुटले असण्याचा संभव असतो. चारही समान व पुरेशी भरली तरच पंप उतरविण्याची वेळ आली, असे समजावे.