मजकुराची चाळणी : दुकानाच्या ॲपसाठी विनंती कशी लिहावी

गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारे ॲप आता छोट्या दुकानदाराच्याही आवाक्यात आले आहे. असे ॲप करून घेताना आपले व्यापारी बंधू खर्चाची घासाघीस करतात, पण त्यातील सुरक्षेची चाळणी मात्र प्रोग्रामरच्या मर्जीवर सोडतात. शिवीगाळ, द्वेष, हिंसा, अश्लीलता असलेला मजकूर अडवणे हे या चाळणीचे काम. ती नसली तर आपल्या दुकानाच्या नावाखाली यंत्र भलतेच बोलून बसते. आणि बेताल लावली तर भले गिऱ्हाईकच दारातून परत जाते.

उदाहरणादाखल बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत एक मटणाचे दुकान आहे असे धरू. बकरी ईदच्या आधी कोणी ॲपवर लिहितो, ‘कुर्बानीचा बोकड कापून, तीन हिस्से करून घरपोच मिळेल का?’ आपल्याला यात ऑर्डर दिसते; यंत्राला ‘कापून’ दिसते आणि हिंसेचा आकडा चढू शकतो. गिऱ्हाइकाला उत्तर जाते, ‘आपला संदेश नियमाविरुद्ध आहे.’ ते दुसरे दुकान गाठते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. सुऱ्यांना धार लावणारे, हार्डवेअरवाले, कातडीकाम करणारे यांनीही हे आपलेच उदाहरण समजावे.

आता विनंतीकडे वळू. चाळणीची सेवा दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर असते आणि आपला कोड तिच्याकडे प्रत्येक संदेशामागे एक अर्ज पाठवतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर कंटेंट सेफ्टी या सेवेचा अर्ज पाहा. वरच्या भागात सेवेचा पत्ता, आवृत्तीची तारीख आणि आपली गुप्त चावी. खाली जेसन पद्धतीने लिहिलेला मजकूर : ‘टेक्स्ट’ या रकान्यात गिऱ्हाइकाचे वाक्य, ‘कॅटेगरीज’मध्ये कोणते प्रकार तपासायचे ते. प्रकार चार आहेत : द्वेष, हिंसा, लैंगिक मजकूर आणि स्वतःला इजा. एका अर्जात 10,000 अक्षरांपर्यंत मजकूर चालतो. उत्तरात प्रत्येक प्रकारापुढे 0, 2, 4 किंवा 6 असा आकडा येतो. अर्जात आठ पायऱ्या मागितल्या तर 0 ते 7.

येथेच बहुतेकांची गल्लत होते. ही सेवा फक्त आकडा सांगते. कोणत्या आकड्यावर संदेश अडवायचा हे आपल्या कोडमध्ये लिहावे लागते, म्हणजे तो निर्णय दुकानदाराचा. गुगलच्या जेमिनीत उलट रीत आहे. तेथे प्रत्येक प्रकारासाठी किती कडक राहायचे हे अर्जातच कळवता येते. ओपनएआयची मोफत तपासणी सेवा ‘आक्षेपार्ह आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल देते आणि जोडीला 0 ते 1 मधले गुण देते. तेव्हा प्रोग्रामरला ‘चाळणी लावली का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हिंसेसाठी कोणता आकडा धरलास आणि का’ हे विचारावे.

मटणाच्या दुकानाने हिंसेची मर्यादा सैल, समजा 6 वर, ठेवायला हरकत नाही. द्वेषाची मर्यादा कडक असावी. स्वतःला इजा या प्रकारात तर 2 आला तरी दखल घ्यावी, पण संदेश नाकारू नये. हार्डवेअरच्या दुकानात उंदराच्या औषधाची चौकशी रोजची. त्यातच एखादा जीवावर उदार झालेला माणूस असेल तर त्याला ‘नियमभंग’ असे उत्तर देणे हे माणुसकीचे नव्हे. अशा वेळी कोडने संदेश ताबडतोब मालकाकडे पाठवावा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दाखवावा.

अर्जात आपल्या वर्ज्य शब्दांची यादीही जोडता येते. यादीतला शब्द सापडताच पुढची तपासणी थांबवावी की नाही, असाही एक रकाना आहे. तो आम्ही ‘नाही’वर ठेवण्याच्या मताचे आहोत. शिवी देणारा माणूस त्याच वाक्यात त्याहून गंभीर काही बोलत असेल, तर ते कळले पाहिजे. काही प्रोग्रामर सेवेची यादी न वापरता स्वतःच शब्द शोधतात. ‘काप’ शोधायला सांगितले की कापडवाला आणि कापूसवाला अडकलाच. ‘मार’ शोधला तर कुमार, मारुती आणि मार्केट तिघेही गुन्हेगार!

शब्दावरून माणूस जोखण्याचे हे दुखणे मोठ्या कंपन्यांतही आहे. धोकादायक ठरवलेल्या व्यक्तीसाठी ‘शहीद’ शब्द आला की मेटा कंपनी ती स्तुतीच मानून मजकूर काढत असे. कंपनीनेच स्थापलेल्या ओव्हरसाइट बोर्डाने मार्च 2024 मध्ये ही सरसकट बंदी संपवायला सांगितले. आपल्याकडे सीमेवरच्या जवानालाही शहीदच म्हणतात. बोलणाऱ्या यंत्राचीही खात्री नाही. 2021 साली जीपीटी-3 ला ‘दोन मुसलमान आत शिरले’ अशा अर्थाचे अर्धे वाक्य दिले असता त्याने 100 पैकी 66 वेळा पुढे हिंसेची गोष्ट जोडली, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले. ते यंत्र आता जुने झाले, पण गिऱ्हाइकाच्या प्रश्नाइतकेच यंत्राचे उत्तरही चाळणीतून गेले पाहिजे, हे त्यावरून पटावे. म्हणजे एका संभाषणाला दोन अर्ज लागतात.

भाषेचा प्रश्न वेगळाच. मायक्रोसॉफ्टने ही चाळणी ज्या आठ भाषांवर खास तयार करून तपासली त्यात मराठी नाही. मराठी मजकूर पाठवता येतो, पण दर्जाची हमी नाही. आपले गिऱ्हाईक तर रोमन लिपीत मराठी, उर्दू आणि बंबईया हिंदी एकाच ओळीत लिहिते. मराठीसाठी काम झालेच नाही असे नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2022 मध्ये ‘महाहेट’ हा 25,000 हून अधिक मराठी ट्विटांचा संग्रह काढला आणि प्रत्येक ट्विटावर द्वेषपूर्ण, अपमानास्पद, शिवराळ की यांपैकी काही नाही, असा शिक्का मारला. त्यावर शिकवलेली यंत्रेही उपलब्ध आहेत. पण ट्विटरवरचे भांडण आणि दुकानातली ऑर्डर यांची भाषा एक नव्हे.

म्हणून ॲप सुरू करण्यापूर्वी जुन्या संदेशांतून पन्नास-साठ खरी वाक्ये काढावीत. त्यात सणाच्या ऑर्डरी, उधारीवरची कुरकूर, दोन-चार खऱ्या शिव्या असे सगळे असावे. ती एकेक पाठवून आकडे वहीत उतरवावेत आणि मगच मर्यादा ठरवावी. मुनीम नवा ठेवताना आपण महिनाभर पारखतो, मग या मुनिमाला सूट कशाला?

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. गुप्त चावी ॲपच्या आत लिहू देऊ नये, ती आपल्या सर्व्हरवरच असावी. नाहीतर कोणीही काढून घेईल आणि बिल आपल्या नावावर येईल. शिवाय संदेश परक्या संगणकावर जातो, तेव्हा गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक आणि पत्ता कोडने आधीच गाळावा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. तो नसता तरी गिऱ्हाइकाची माहिती ही अमानतच.

आणि चाळणीच्या सेवेकडून उत्तरच आले नाही तर काय करायचे, हे कोडमध्ये आधीच लिहून ठेवावे. आमच्या मते अशा वेळी यंत्राला बोलू देऊ नये. ‘दुकानातून थोड्या वेळात फोन येईल’ एवढे उत्तर जावे आणि तो फोन दुकानातल्या माणसाने खरोखर करावा.