पाकीट घेताना

समजा, ईदीचे पैसे साठवून तुम्हांला अब्बांसाठी चामड्याचे पाकीट घ्यायचे आहे. उर्दूत ज्याला बटवा म्हणतात, तेच हे. मराठीतही बटवा हा शब्द आहे. पण तो दोरी ओढून तोंड बंद करायच्या छोट्या कापडी पिशवीसाठी वापरतात. म्हणून दुकानात पाकीटच मागा.

मुंबईत धारावीला, शीव-वांद्रे जोडरस्त्याच्या कडेला, चामड्याच्या वस्तूंची दुकाने आहेत. मागच्या गल्ल्यांत कारागीर पाकिटे, पट्टे, पिशव्या तयार करतात. दुकानदार एक चकचकीत पाकीट पुढे ठेवतो आणि म्हणतो, "अस्सल चामडे आहे!" तुम्ही चकाकीकडे पाहू नका. पाकीट उघडा आणि आतल्या कप्प्याची कड पाहा.

कड का पाहायची? जनावराचे कातडे कमावले, की त्याचे चामडे होते. जाड चामडे यंत्राने चिरून त्याचे थर वेगळे करतात. सर्वांत वरच्या, केसांकडच्या थरात तंतू दाट असतात. तोच थर जास्त टिकतो. खालचा थर सैल असतो. त्यावर रंगाचा जाड लेप देऊन तोही विकतात. तेही चामडेच! म्हणजे दुकानदार खोटे बोलत नाही, पण पुरते खरेही सांगत नाही. रेक्झीन मात्र चामडे नव्हे. ते लेप दिलेले कापड असते. कडेला कापडाचे धागे दिसले, तर ते रेक्झीन समजा. घडीवर त्याचा लेप फाटतो आणि पापुद्रे निघू लागतात. चांगल्या चामड्यावर बारीक छिद्रे दिसतात आणि ती सगळीकडे सारखी नसतात.

मग टाके पाहा. हाताने शिवणारा कारागीर आरीने भोके पाडतो. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून, अशा दोन्ही सुया एकाच भोकातून जातात. त्यामुळे एका बाजूचा टाका झिजून तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा टाका शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला, की शेजारचे टाके सुटू लागतात. तरी यंत्राची प्रत्येक शिवण कच्ची असते, असे नाही.

हाताने शिवायला वेळ फार लागतो, म्हणून असे पाकीट महाग असते. घासाघीस जरूर करा. पण रेक्झीनच्या भावात ते मागू नका. भाव फारच पाडला, तर ती तूट कुठून भरून निघणार? अस्तर हलके लागेल, दोरा स्वस्त लागेल, नाहीतर कारागिराची मजुरी कापली जाईल. दुकानदाराचा नफा सहसा सर्वांत शेवटी कमी होतो!

घेतलेले पाकीट नाण्यांनी फुगवू नका. पावसात भिजले, तर सावलीत वाळवा. उन्हात चामडे कडक होऊन तडकते.

आता घरातले एखादे जुने पाकीट मागून घ्या. त्याची कड, छिद्रे आणि टाके नीट पाहा. ते प्रथम कुठे झिजले आहे, ते शोधा आणि त्याविषयी मराठीत पाच वाक्ये लिहा. पाकिटातले पैसे मात्र आधी अब्बांच्या हातात द्या.