गर्द, गुन्हा आणि शेजारधर्म

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या एखाद्या सुजाण पालकास आपल्या वस्तीविषयी कशाची चिंता वाटते असे विचारले, तर तो रस्त्यातील खड्ड्यांचे किंवा पाण्याच्या टंचाईचे नाव प्रथम घेईलच असे नाही. दिवेलागणीस रेल्वेच्या पुलाखाली जमणारी पोरांची टोळकी, रातोरात नाहीशा होणाऱ्या नळाच्या पितळी तोट्या, देवळात किंवा चर्चला निघालेल्या वृद्धेच्या गळ्यातून खेचलेली साखळी, यांच्याच गोष्टी तो काढील, आणि बोलता बोलता आवाज खाली करून म्हणेल, "हे सारे त्या गर्दाचे काम!" हा आवाज खाली का जातो, हाच आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय होय. ज्या गोष्टीविषयी मोठ्याने बोलण्याची लाज वाटते, ती गोष्ट अंधारात वाढते. आणि अंधारात वाढणाऱ्या व्यापारास आपल्या मौनाएवढे दुसरे भांडवल लागत नाही, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. 'गर्द' म्हणजे अशुद्ध हेरॉइन. अफूपासून मॉर्फीन निघते आणि मॉर्फीनवर रासायनिक प्रक्रिया केली असता हेरॉइन बनते. लंडन येथे १८७४ साली ॲल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले, आणि १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने ते खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले. जे आज विष म्हणून ठाऊक आहे, ते एके काळी औषधाच्या बाटलीतून राजरोस विकले जात होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आमच्या मुंबईसही या बाबतीत कानावर हात ठेवता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू याच बंदरातून चीनकडे जात असे, आणि या शहराच्या वैभवात त्या व्यापाराचा वाटा लहान नव्हता. तेव्हा अमली पदार्थांचा व्यापारी नेहमी मळकट कपड्यांत आणि लाल डोळ्यांनीच वावरतो असे नाही. पुष्कळदा तो चांगला प्रतिष्ठित गृहस्थ दिसतो.

१९८०च्या दशकात अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्या बाजूने येणारे हेरॉइन मुंबईत 'ब्राऊन शुगर' अथवा 'गर्द' या नावाने पसरले, आणि 'गर्दुल्ला' हा नवा शब्द मराठीत रूढ झाला. पुढे त्यात प्रयोगशाळेत बनणाऱ्या द्रव्यांची भर पडली. 'एमडी' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन हे त्यांपैकीच होय. अमली पदार्थांच्या कायद्याच्या सूचीत त्याचा समावेश २०१५ साली झाला. परंतु संकट केवळ या परदेशी वाटणाऱ्या नावांतच आहे असे मानणे भ्रम होय. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेत होते, आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन व तत्सम द्रव्ये वापरीत होते. हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण तर प्रौढांत शेकडा ०.५८ आणि मुलांत शेकडा १.१७ आढळले, म्हणजे मुलांत ते जवळजवळ दुप्पट होते! ज्या द्रव्याने आपण वहीतील चूक पुसतो किंवा चप्पल चिकटवितो, तेच हुंगून मुले आपल्या मेंदूचा नाश करून घेतात, ही गोष्ट प्रत्येक शाळेने मनावर घेण्यासारखी आहे.

आता व्यसन आणि गुन्हा यांचा संबंध पाहू. मनुष्याच्या देहात वेदना शमविणारी काही द्रव्ये निसर्गतःच तयार होत असतात. हेरॉइन मेंदूतील त्यांच्याच जागा बळकावते. वारंवार सेवनाने मेंदू त्यास सरावतो, पहिले प्रमाण पुरेनासे होते, आणि काही काळाने मनुष्य सुखासाठी नव्हे, तर दुःख टाळण्यासाठी ते घेऊ लागतो. ते न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हातपाय ठणकतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, झोप उडते. या अवस्थेस व्यसनी लोक 'टर्की' म्हणतात. तिच्या भयाने ग्रासलेला तरुण प्रथम आईच्या डब्यातील पैसे काढतो, मग घरातील तांब्यापितळेची भांडी नेतो, मग शेजाऱ्याची सायकल, आणि शेवटी रस्त्यावरील अनोळखी स्त्रीच्या गळ्यातील साखळी. पहिल्या चोरीच्या वेळी घरातील मंडळींनी अब्रूच्या भीतीने तोंडातून ब्र काढलेला नसतो. साखळी हिसकावण्यापर्यंत गोष्ट येते, तेव्हा मात्र सारी वस्ती एकमुखाने ओरडते.

येथे आणखी एका इसमाची आठवण करून देणे अवश्य आहे. मुलाने चोरून आणलेली पितळी तोटी पडत्या भावाने, एकही प्रश्न न विचारता, विकत घेणारा तो दुकानदार होय. तोटी घेणारा नसता, तर ती चोरण्यात काय लाभ होता? परंतु आपल्या रोषाच्या यादीत त्या गृहस्थाचे नाव सहसा नसते.

अशा प्रसंगी वस्तीत सभा भरते आणि मुख्यतः दोन उपाय सुचविले जातात. अशा पोरांना पोलिसांच्या हवाली करावे, हा पहिला. आणि शाळेने त्यांची नावे कमी करावीत, हा दुसरा. या मागण्यांमागील भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलास वर्गात धोका नसावा, असे वाटणे हा प्रत्येक आईबापाचा हक्क आहे. तथापि भीती ही चांगली पहारेकरीण असली, तरी चांगली न्यायाधीश नव्हे.

पोलिसांचे म्हणाल तर, कायदा स्वतःच आपल्या सभांपेक्षा अधिक विवेक दाखवितो. १९८५ सालच्या अमली पदार्थविषयक कायद्यात व्यापारी आणि व्यसनी यांत स्पष्ट भेद केलेला आहे. हेरॉइनच्या बाबतीत २५० ग्रॅमहून अधिक साठा सापडल्यास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. उलट केवळ सेवन करणाऱ्यास अधिकात अधिक एक वर्षाची शिक्षा आहे. इतकेच नव्हे, तर अल्प प्रमाण बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालू नये, अशीही तरतूद आहे. बालकांच्या संरक्षणाचा २०१५ सालचा कायदा तर याहून पुढे जातो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून अमली पदार्थ विकविणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुडी पोहोचविणारा पंधरा वर्षांचा मुलगा हा कायद्याच्या दृष्टीने प्रथम त्या प्रौढाच्या गुन्ह्याचा बळी आहे, हे आपण विसरता कामा नये.

शाळेतून नाव कमी करण्याच्या उपायाविषयी आमचे मन अधिकच साशंक आहे. ज्या मुलास शाळेचे दार बंद, शेजाऱ्याचे दार बंद आणि शेवटी घराचेही दार बंद, त्याच्यासाठी उघडे राहते ते एकच दार, पुडी विकणाऱ्याचे. तेथे त्याला कोणी नाव ठेवीत नाही, कोणी जाब विचारीत नाही, उधारीदेखील मिळते. आपण ज्याला बाहेर लोटतो, त्याला व्यापारी जवळ घेतो.

मग उपाय कोणता? सुदैवाने तो आपल्या डोळ्यांसमोर आहे. वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा' या संस्थेचे कार्य आरंभिले. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट या दांपत्याने, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साह्य घेऊन, १९८६ साली 'मुक्तांगण' हे केंद्र उघडले. अवचटांचे 'गर्द' हे पुस्तकही याच विषयावरील आहे. अशा केंद्रांत औषधाइतकेच महत्त्व सहवासास असते. व्यसनातून बाहेर पडलेला मनुष्य नव्याने आलेल्याजवळ बसून आपली हकीकत सांगतो, आणि ऐकणाऱ्यास प्रथमच वाटते की, आपण एकटे नाही. त्रासाचे पहिले दिवस सरले म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. ओढ पुढे पुष्कळ महिने राहते, आणि पाय पुनः घसरणे हा या रोगाचा नित्याचा अनुभव आहे. शिवाय काही काळ दूर राहिलेल्याने पूर्वीचेच प्रमाण घेतले, तर त्याचा श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून घरी परतलेल्या मुलास टोमणे मारणे ही केवळ असभ्यता नव्हे. कधी कधी ती जिवावर बेतते. वर सांगितलेल्या पाहणीत मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसले. बाकीच्या ३७ जणांच्या आणि उपचारांच्या मध्ये जे अनेक अडसर आहेत, त्यांत 'लोक काय म्हणतील' हा अडसर आम्हाला लहान वाटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याविषयी दोन शब्द. आपला मित्र अलीकडे एकटा राहतो, उसने पैसे मागतो, खोटे बोलतो, खेळाच्या तासास येत नाही, हे शिक्षकांच्या आधी तुमच्या ध्यानात येते. अशा वेळी 'चहाडी कशाला करा?' म्हणून तुम्ही गप्प बसता. तुमच्या मनाचा हा सरळपणा आम्ही जाणतो. परंतु चहाडी आणि हाक यांत भेद आहे. मित्रास शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी; मित्र बुडत आहे म्हणून ओरडणे ही हाक. तुम्हाला ज्यांचा विश्वास वाटतो अशा एका वडीलधाऱ्या माणसास सांगा. घरी सांगवत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मुलांच्या साह्यासाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. व्यापाऱ्याशी मात्र स्वतः दोन हात करावयास जाऊ नका. ते काम पोलिसांचे व मोठ्यांचे आहे. आणि कोणी 'एकदाच घेऊन पाहा' म्हटले, तर लांबलचक उत्तर न देता 'नको' म्हणून निघून जा. अशा ठिकाणी वादविवादात जिंकण्यापेक्षा तेथून निघून जाणे यातच शहाणपण आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरातील पहिली चोरी लपवू नका. मुलगा उशिरा आला म्हणून दार बंद करण्यापूर्वी, तो कोठून आला हे शांतपणे विचारा. आणि आपल्याच हातात पेला असेल, तर मुलास उपदेश करण्याआधी तो खाली ठेवा.

उपनगराची रचनाच अशी आहे की, समोरच्या दारामागे कोण राहते हे वर्षानुवर्षे कळत नाही. साष्टीतील जुन्या गावठाणांत कोणाचा मुलगा कोणत्या वाटेने जातो हे साऱ्या आळीस ठाऊक असे; त्या चौकशीचा जाच होई, पण तिचा आधारही होता. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आमच्या शाळेत लहानपणापासून शिकविला जातो. वाटेवर जखमी पडलेल्यास पाहून जे दोघे बाजूने निघून गेले, ते दुष्ट होते असे त्या कथेत कोठेही म्हटलेले नाही. ते फक्त थांबले नाहीत. रेल्वेच्या पुलाखाली बसलेला तो पोरगा आज ना उद्या आपल्या वाटेत येणारच आहे. त्याच्या हाती पुडी देणारा कोण, याचा शोध पोलिसांनी अवश्य घ्यावा आणि त्यास कठोर शासन व्हावे. परंतु त्या पोराचे नाव काय आणि त्याची आई कोठे राहते, याची चौकशी आपण करावी. एवढे जरी आपल्या हातून घडले, तरी आपल्या वस्तीतील तो दबलेला आवाज थोडा मोकळा होईल, अशी आम्हास आशा आहे.