ट्रॅक्टरवरील जादा दिव्यांच्या तारजोडणीतील दोष व त्यांची तपासणी

उन्हाळी नांगरट दिवसाच्या कडक उन्हात करण्यापेक्षा रात्री उरकावी, असा प्रघात ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांत आता रूढ झाला आहे. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे तर भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. ट्रॅक्टरबरोबर आलेले दिवे अशा कामास अपुरे वाटतात व मडगार्डवर किंवा टपावर दोन-चार जादा दिवे बसविण्यात येतात. दिवे बहुधा चांगलेच असतात. जोडणी मात्र घाईने उरकलेली असते. वाळलेल्या पाचटाच्या सान्निध्यात तापलेली एक तार काय अनर्थ करू शकेल, हे ऊस उत्पादकास वेगळे सांगावयास नको.

दोष शोधण्यापूर्वी योग्य जोडणी कशी असते हे ध्यानी घ्यावे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार प्रथम फ्यूजमध्ये जावी. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडील तारेस कोणतेच संरक्षण नसते. तेथून तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास व ८७ क्रमांकाच्या टोकापासून दिव्यांकडे जाते. ८६ व ८५ ही टोके रिलेतील वेटोळ्याची होत. त्यांपैकी एकास स्विचमधून वीज मिळते व दुसरे चासीस जोडलेले असते. अशा रचनेत दिव्यांचा मोठा प्रवाह स्विचमधून जात नाही. रिले न वापरता दिवे थेट स्विचवर जोडल्यास स्विच तापतो व काही दिवसांत आतून जळतो.

५५ वॅटचा एक हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे दोन दिव्यांस सव्वानऊ अँपिअर लागतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाने पाऊण व्होल्टहून थोडा अधिक दाब वाया जातो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची असल्यास ही घट एक तृतीयांश व्होल्टपेक्षा कमी राहते. दाबात दहा टक्के घट झाली तर हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणून तारेत केलेली काटकसर दिव्याच्या किमतीत वसूल होत नाही. वरील दोन दिव्यांस अडीच चौरस मिलिमीटरची तार व १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय.

आता दोषांकडे वळू. तपासणीसाठी दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा एक लहान दिवा पुष्कळ उपयोगी पडतो. दोन्ही जादा दिवे एकदम बंद असतील तर दिव्यांना हात लावू नये. दोष दोघांच्या समाईक वाटेवर असतो. चाचणी दिव्याची एक तार चासीस लावून दुसरी फ्यूजच्या दोन्ही बाजूंस टेकवावी. एकाच बाजूस तो लागला तर फ्यूज गेलेला आहे. दोन्हीकडे लागला तर रिले पाहावा: स्विच दाबताच 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर स्विच, त्यास येणारी वीज किंवा वेटोळ्याचे अर्थिंग यांत दोष असतो. आवाज येऊनही ८७ वर वीज नसेल तर रिले बदलावा. एकच दिवा बंद असल्यास मात्र बल्ब, त्याची पिन व त्याचे अर्थिंग एवढेच तपासणे पुरते.

फ्यूज वारंवार जात असेल तर त्याजागी तांब्याची तार गुंडाळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आग लागण्याचा हाच राजमार्ग आहे. दिव्यांच्या पिना काढून ठेवाव्या व फ्यूजच्या जागी चाचणी दिवा जोडावा. स्विच बंद असतानाच तो लागला तर फ्यूज व रिले यांमधील तार चासीस लागत आहे. स्विच चालू केल्यावर लागला तर रिलेच्या पुढील तार. मग तार हाताने थोडीथोडी हलवीत जावे; ज्या ठिकाणी दिवा विझेल तेथेच घासलेली जागा सापडते. बॉनेटची बिजागरी, मडगार्डची धार व उंदरांनी कुरतडलेली वळणे ही नेहमीची ठिकाणे होत.

सर्वांत फसवा दोष म्हणजे मंद प्रकाश. येथे चाचणी दिवा निरुपयोगी ठरतो, कारण त्याला फार थोडा प्रवाह लागतो व तो गंजलेल्या सांध्यातूनही लख्ख जळतो. त्यासाठी व्होल्टमीटरच हवा, व मोजणी जादा दिवे चालू ठेवूनच करावी. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट मिळावेत. नंतर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी दिव्याच्या अर्थिंगच्या स्क्रूस लावावी. काटा जवळजवळ शून्यावर राहावयास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग खराब समजावे. बहुतेक मंद दिव्यांचे कारण येथेच निघते, आणि शेतकरी मात्र तोवर नवी बॅटरी घेऊन मोकळे झालेले असतात! मडगार्डवरील रंग खरवडून धातू उघडा करावा, स्क्रू घट्ट आवळावा व वर ग्रीस लावावे. त्याहून बरे म्हणजे स्वतंत्र जाड तार थेट चासीपर्यंत आणावी. एक दिवा लावताच दुसरा मिणमिणतो, हेदेखील खराब अर्थिंगचेच लक्षण होय.

एलईडी दिव्यांस प्रवाह कमी लागतो, परंतु धन व ऋण टोके उलट जोडल्यास ते लागत नाहीत. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक चासीस जोडलेले असे. अशा ट्रॅक्टरवर हे दिवे बसविताना विशेष दक्षता घ्यावी.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी व जोडताना ती शेवटी जोडावी. वर सांगितलेल्या चाचण्यांपुरतीच ती जोडलेली ठेवावी. मागील बाजूस नांगराकडे रोखलेल्या दिव्यास स्वतंत्र स्विच ठेवावा व रस्त्यावर येताच तो बंद करावा. मागून येणाऱ्या वाहनचालकाचे डोळे त्याने दिपतात व पुढील ट्रॉली त्यास दिसत नाही.