डॉ. सेमेलवाइस आणि धुतलेले हात



तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी हात धुवा, असे आज आपल्या घरातील आजीसुद्धा बजावते. इतकी साधी गोष्ट, पण ती पटवून देताना एका डॉक्टरचे आयुष्य खर्ची पडले. मूळचे हंगेरीतील बुडा शहराचे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस (१८१८-१८६५) यांची ही कथा आपण समजून घेऊ या.

१८४६ साली ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात साहाय्यक डॉक्टर झाले. तेथे दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. त्या वर्षी पहिल्या विभागात ४,०१० पैकी ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. कारण एकच, बाळंतज्वर. मग हा फरक का?

सेमेलवाइस एकेक शक्यता तपासू लागले. मरणासन्न मातेला अखेरचा ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरू पहिल्या विभागातील खोल्यांतून जात, तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजत असे. त्या आवाजाने बाळंतिणींना धडकी भरते व त्या आजारी पडतात, असे काहींचे मत होते. सेमेलवाइस यांनी विनंती करताच धर्मगुरूंनी घंटा बंद केली, वाटही बदलली. मृत्यू मात्र घटले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने जखम होऊन वारले. त्यांच्या देहात बाळंतज्वराचीच लक्षणे आढळली. तेव्हा सेमेलवाइस यांना उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणजे मरण डॉक्टरांच्याच हातांनी येत होते! मे १८४७ पासून त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ पैकी केवळ ४५ माता दगावल्या.

तरीही अनेक नामवंतांनी हे मानले नाही. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत वाढवून मिळाली नाही. १८६५ साली मनोरुग्णालयात जखम चिघळून त्यांचा अंत झाला. या ज्वराचे जंतू लुई पाश्चर यांनी दाखवून दिले ते १८७९ साली.

आकडे डोळ्यांसमोर असताना विरोध का झाला? जंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, हे खरे. पण आणखीही एक अडचण होती. हे सत्य स्वीकारायचे, तर आपल्याच हातून माता मेल्या हेही स्वीकारावे लागणार होते. सेमेलवाइस यांनी ते स्वतःपुरते स्वीकारले आणि आपल्या १८६१ च्या ग्रंथात लिहून ठेवले.

ते डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण हेतू शुद्ध असला म्हणून हात शुद्ध होत नाहीत. धर्मगुरूंच्या घंटेचा दोष नव्हता, तरी त्यांनी ती बाजूला ठेवली. ज्यांच्या हातांचा दोष होता, त्यांना मात्र हात धुणे जड गेले.

आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला भेटायला जाताना आपण हात अवश्य धुऊ या. आणि घरात, शेजारात कोणी म्हणाले, 'तुमच्यामुळे मला त्रास झाला', तर रागावण्यापूर्वी क्षणभर थांबून आपलेच हात पाहू या.